कारागीर अज्ञात नाही

मी एक बांगडी बोलतेय. सोन्याची, बिजागरीची. समोर सात लाल खडे आणि आतल्या बाजूला कोरलेली बारीक वेल. माझ्याबद्दल आजवर पुष्कळ जण बोलले. सासूबाई बोलल्या, पारखी बोलला, एक यंत्रसुद्धा कागदावर आकडे उमटवून बोललं. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. आणि विचारून तरी काय, सोन्याला वाचा कुठे असते? म्हणून हे मनातल्या मनात सांगते आहे.

माझा जन्म एका अरुंद रस्त्यावरच्या लहानशा दुकानात झाला. पुढे काउंटर, मागे कामाची खोली. दुकानावर पाटी होती एका सोनाराची. त्याचा हात असा, की गावाच्या दुसऱ्या टोकाहून लोक त्याच्याकडे यायचे. पण मी त्या खोलीत घडले तेव्हा त्याचे डोळे थकले होते. सुईत दोरा ओवता येत नव्हता, तिथे खडा कुठला बसवणार! हे ठाऊक होतं फक्त त्याच्या मुलीला. बावीस-तेवीस वर्षांची असेल ती तेव्हा. गिऱ्हाईक आलं की बाबा पुढे बसून गोड बोलायचे, मापं घ्यायचे, आणि मागे खिडकीशी मान मोडून काम करायची ती.

एके दिवशी एक वयस्क बाई रुमालात गुंडाळून एक बांगडी घेऊन आल्या. दारात सापडून पार चेपली होती बिचारी, आणि होतीही फार जुनी. "अश्शीच नवी करून द्या," बाई म्हणाल्या. "सोनं हेच, खडे हेच." मुलीने नक्षी कागदावर उतरवून घेतली, खडे सुटे केले आणि सोनं मुशीत वितळवलं. त्या मुशीतून मी निघाले. म्हणजे बघा, माझं सोनं जुनं, माझे खडे जुने, पण मी कोरी करकरीत.

आतली वेल मूळ बांगडीवर झिजून गेली होती. बाबा म्हणाले, "तुझ्या मनाने काढ." ती तिने मनाने काढली. एकेक पान कोरताना श्वास धरून ठेवायची आणि पान पुरं झालं की सोडायची. तो ऊन श्वास माझ्या अंगावर यायचा. एकदा कोरणी निसटली आणि तिच्या डाव्या अंगठ्यात खोल घुसली. "काय झालं गं?" बाबांनी विचारलं. "काही नाही," म्हणाली आणि चिंधी बांधून पुन्हा बसली.

तीन महिन्यांनी मी पुरी झाले. बाबांनी मला हातात घेऊन बोटांनी सगळीकडून चाचपलं. तिने भीत भीत विचारलं, "कुठे चुकलंय का?"

"बोटांना तरी सापडत नाही," बाबा म्हणाले. त्या घरात याहून मोठं कौतुक नव्हतं.

त्या वयस्क बाई मला न्यायला आल्याच नाहीत. मधेच वारल्या. त्यांच्या दूर राहणाऱ्या मुलांनी कळवलं, मजुरीपोटी ठेवून घ्या. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी मला तिच्या मनगटावर चढवलं. म्हणाले, "तुझीच आहे. पण कुणी विचारलं तर मी केली असं सांग. आयुष्यभर लोकांनी माझ्या हातावर भरवसा ठेवलाय गं." तिने मान हलवली. माणसं किती सहज मान हलवतात, आणि मग ते ओझं किती वर्षं वाहतात!

सासरी माझं भारी कौतुक झालं. सासूबाईंना चारचौघांत सुनेची बांगडी दाखवायची हौस. पहिल्या पाहुण्यांना त्या म्हणाल्या, "हिच्या आजीची आहे." पुढच्यांना म्हणाल्या, "पणजीची." पाहुणा बदलला की माझं वय पंचवीस वर्षांनी वाढायचं. माणसं स्वतःचं वय चोरतात आणि दागिन्यांना खुशाल वाटून टाकतात! एकदा ही म्हणायला गेली, "तसं नाही हो, ही तर..." तेवढ्यात नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे ना. आईला बरं वाटतं." ही मूग गिळून बसली. हत्यारांचा डबा तिने माहेरून आणला होता, पण त्या घरात कामाला बसायला खिडकीच नव्हती. डबा माळ्यावर गेला आणि पुढे कधीतरी भंगारात.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या, नवरा गेला. मुलगा आणि मुलगी मोठी झाली. दोघंही 'आपल्या घरातली दोनशे वर्षांची बांगडी' ऐकतच वाढली होती. मग आईचं विसरणं सुरू झालं. किल्ल्या साखरेच्या डब्यात सापडायच्या, गॅस तसाच राहायचा. मीही एकदा धुण्याच्या बादलीत बुडून दोन दिवस पडले होते. मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. बहिणीला म्हणाला, "हरवण्याआधी बांगडीची नीट नोंद होऊ दे. खरी किती जुनी आहे ते तरी कळेल." असं म्हणून तिघंही मला पारख्याकडे घेऊन गेली.

पारखी एका वस्तुसंग्रहालयासाठी काम करायचा. तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली. काळं कापड, पांढरा दिवा, तराजू आणि कोपऱ्यात ते आकडे उमटवणारं यंत्र. सभ्य माणूस, हात धुऊन मगच मला उचललं. वजन केलं, यंत्रात ठेवलं, खड्यांचे पैलू मोजले. मग भिंग डोळ्याला लावून आतली वेल इतका वेळ पाहिली की मीच संकोचले.

"सोन्यातली मिसळ जुनी आहे," तो म्हणाला. "खडेही जुन्या पद्धतीने पाडलेले. तुमच्या घरात काय सांगतात?"

"दोनशे वर्षं," मुलगा म्हणाला.

"जुळतंय. आणि ही वेल! असा हात आता नाही. कुणीतरी मोठा उस्ताद असणार तो."

तेव्हा आई हसली. लाजून, लहान मुलीसारखी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बोलली, "मी केलीय ती."

माझ्या अंगात प्राण असते तर मी उडी मारली असती!

"आई, अगं काहीतरीच काय!" मुलगा ओशाळून म्हणाला. पारख्याकडे वळला. "हल्ली तिला आठवत नाही. परवा मला मामा म्हणून हाक मारत होती."

"नाही रे, मीच. बाबांना दिसत नव्हतं," आई म्हणाली. "खिडकीशी बसून."

पारखी खरोखरच भला होता. पुढे झुकून त्याने आदराने विचारलं, "कशाने कोरलीत, आजी?"

"ती... ती नाही का..." आईचे ओठ हलले. "टोकाची. लाकडी मुठीची. बाबांची ती..." शब्द येईना. कोरणी! मी ओरडत होते. कोरणी म्हण, कोरणी! पण माझा आवाज कुणाला जाणार! तिचा उजवा हात मात्र टेबलावर चालू लागला होता. मूठ तळव्यात, बोट पुढे, मनगट न हलवता हळूच रेटायचं. अगदी बरोबर. तिच्या बोटांना सगळं आठवत होतं.

"काढून दाखवता?" पारख्याने कागद-पेन्सिल पुढे केली.

तिने पेन्सिल धरली. कागदावर एक वाकडी रेघ उमटली, मग दुसरी, मग नुसता गुंता. तिने तो पाहिला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"आईच्या अंगठ्यावर वण आहे जुना," मुलगी एकदम म्हणाली. "आई, तो कशाचा गं?"

"भाजी चिरताना लागलं असेल," मुलगा म्हणाला. "ताई, तू तरी तिला कधी असलं काम करताना पाहिलंयस का?"

मुलीने पाहिलं नव्हतं. आई अंगठा पदराखाली झाकून बसली.

ज्याच्या हाती शिक्का, त्याचंच खरं. पारख्याने सही केली, शिक्का मारला, आणि मी दोनशे वर्षांची झाले. संग्रहालयाने मला मागून घेतलं. घरात हरवण्यापेक्षा तिथे बरी, असं भावंडांनी ठरवलं. आईच्या मनगटातून मला काढताना मुलीला बराच वेळ लागला, कारण आई दुसऱ्या हाताने मला धरून होती. मग कशासाठी धरलंय तेच ती विसरली आणि तिने हात सोडला.

आता मी काचेच्या पेटीत आहे. पेटीत हवा मोजून सोडतात. मुलं नाक काचेला लावतात आणि रखवालदार त्यांना हटकतो. शेजारी माझी पाटी आहे.

गेल्या महिन्यात मुलगी आईला घेऊन आली. आई फार बारीक झालीय. चष्मा सावरत तिने पाटी अक्षर अक्षर लावून वाचली, "सुमारे... दोनशे... वर्षांपूर्वीची. कारागीर अज्ञात." मग कितीतरी वेळ माझ्या वेलीकडे बघत राहिली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. तो श्वास माझ्यापर्यंत आला नाही.

मुलीने आजूबाजूला पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "आई, खरं सांग. तू केलीस का गं ही? मी ऐकीन."

त्या दिवशी त्या टेबलाशी हे कुणी विचारलं असतं तर! मी खड्यांतला सगळा उजेड गोळा करून तिच्याकडे पाहिलं. बोल. आता बोल.

"छे गं," आई म्हणाली. "एवढं बारीक काम माझ्याकडून कुठलं व्हायला? कुणीतरी फार मोठा माणूस असणार." आणि जाता जाता थांबून, अगदी मनापासून म्हणाली, "हात चांगला होता हो त्याचा."

मुलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघी दाराकडे गेल्या.

आता ही गोष्ट मला एकटीलाच माहीत आहे आणि मला ती कुणाला सांगता येत नाही. माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्या घरात एखादी म्हातारी जुन्या वस्तूकडे पाहून म्हणाली, "हे मी केलंय," तर हसण्यावारी नेऊ नका. शेजारी बसा. शब्द सापडायला तिला वेळ लागेल. लागू द्या.