वजन खाणारं भूत

बीदरजवळच्या कोळारच्या गोदामापुढं सकाळी सातपासून बायाबापड्यांची रांग लागली होती. आत तूरडाळीच्या पोत्यांशेजारी गणकानंद महाराज चक्क कॉम्प्युटर मांडून बसले होते. १९८९ साल होतं; भुतं आता नुसत्या लिंबाला दाद देत नाहीत म्हणे. मी त्याच गोदामात पोती तोलायचो. काटा माझाच, महाराजांनी मालकाकडून मागून घेतलेला.

माणूस काट्यावर उभा राहायचा, मी वजन सांगायचो, चेला ते टाईप करायचा आणि प्रिंटर करकरत कागद काढायचा. काट्यावर ४४.२ असलं तर कागदावर ४४.२०००००७६३. "जास्त भरलं. भूत मानगुटीवर बसलंय," महाराज सांगायचे. कमी भरलं तर ते आतून खातंय. म्हणजे काहीही आलं तरी गिऱ्हाईक महाराजांचंच. दारूचा ठेकेदार मडिवाळप्पा तेवढा नेमका ८८.५०००००००० भरला, आणि महाराजांनी त्याला पुण्यात्मा ठरवलं.

माझी आई चांगुणाबाई माझ्या बायकोला, इंदिराला, तिथं घेऊन आली तेव्हा माझं हसू पळालं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या आजोबांनी घरातले देव नदीला सोडले, पण भुतांना सोडायचं राहून गेलं असावं. इंदिराला क्षय होता, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या नुकत्याच चालू झाल्या होत्या. काट्यावर आलं ३८.३, कागदावर ३८.२९९९९९२३७.

"आतून खातंय," महाराज म्हणाले. "गोळ्यांनी चवताळतंय ते. गोळ्या बंद. एकवीस दिवस अंगारा."

आईनं त्याच दिवशी गोळ्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. मी भांडलो तर म्हणाली, "भुताला चवताळवायलास कामून?"

चौथ्या दिवशी मी बीदरात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या शांतम्मा टीचरना घेऊन आलो. आई आणि इंदिरा अंगाऱ्यासाठी रांगेतच होत्या. टीचरनी इंदिराचे इथले आणि दवाखान्याचे कागद पाहिले, आणखी चार-सहा जणांचे पाहिले आणि मला म्हणाल्या, "बळीरामअण्णा, एक पोतं चढवा की."

मी पोतं चढवलं आणि ओंजळीनं डाळ काढत काटा ५०.३ वर आणला. चेल्यानं सवयीनं आकडा दाबला. कागद आला: ५०.२९९९९९२३७.

"डाळीला बी लागलं व्हय?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

"आणि पॉइंटनंतरचे आकडे इंदिराचेच," टीचर म्हणाल्या. "एकच भूत दोन ताटांत जेवायलंय?"

महाराज डाळीच्या पूर्वजन्माबद्दल बोलू लागले, पण आता लोक टीचरकडं बघत होते.

"जुनी मापं आठवा. अर्धा, पाव, अदपाव, छटाक. हे यंत्र आकडा असल्याच निम्म्या-निम्म्या तुकड्यांत साठवतं. अर्धा त्यात नेमका बसतो, म्हणून मडिवाळप्पा पुण्यवान. पॉइंट तीन बसत न्हाई, केसभर कमी राहतो; दुसरे काही केसभर जास्त भरतात. साठवलेल्या आकड्याची अक्षरं करताना पॉइंटनंतर एकच घर मागितलं तर यंत्र सरळ ३८.३ लिहितं. ह्यांनी नऊ घरं मागितल्यात, म्हणून ती केसभर चूक दिसायली."

त्यांनी कीबोर्ड ओढला, सी भाषेतल्या त्या प्रोग्रामच्या एका ओळीत नऊचा एक केला. त्याच पोत्याचा कागद आला: ५०.३. महाराजांना एकाएकी लघवीची घाई झाली आणि ते मागच्या दारानं गेले ते गेलेच.

आई मात्र हलली नाही. "पण सून वाळायलीय, ते तर खोटं न्हाई?"

"न्हाई मावशी. मागच्या महिन्यात दवाखान्याच्या कागदावर ती बेचाळीस होती. तुम्ही पॉइंटच्या उजवीकडं बघायलात. डावीकडं बघा, तिथं अडतीस लिहिलंय. चार किलो क्षयानं खाल्लेत."

आईला वाचता येत नाही. तिनं इंदिराच्या मनगटाकडं पाहिलं, आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

म्हणून सांगतो, चमत्कार यंत्रातून आला तरी त्याची परीक्षा घ्या. जे माणसावर करून दाखवतात ते दगडावर, पोत्यावर करून बघा, आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याला दारात उभं करू नका. इंदिराच्या चार दिवसांच्या गोळ्या बुडाल्या. क्षयात चार दिवसही थोडे नसतात, आणि त्यांतले तीन मी नुसतं भांडण्यात घालवले.