पेपर काढणारी बाई

रुग्णालयाच्या नोंदी विभागात सोळा वर्षं घासल्यावर बाईने विभागप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज केला, आणि तिथेच घोडं अडलं. लेखी परीक्षेचा पेपर साहेबांनी तिलाच काढायला लावला. काम दुसऱ्या कुणाला कळतंय कुठे! तिने सुट्टी घालवून तो काढला. मग साहेब म्हणाले, "पेपर तुमचा, म्हणजे उत्तरं तुम्हाला पाठच. त्याचे गुण तुम्हाला कसे देणार?" झालं! पन्नासच्या पन्नास गुण गेले, आणि बाहेरून आलेली एकजण खुर्चीत बसली.

तिचा मावसदीर वकील. ती त्याच्याकडे गेली.

"वहिनी, घेतलं कुणाला?"

"बाईलाच. माझ्याच वयाची, माझ्याच धर्माची."

"मग कायद्यात बसेल असा भेदभाव कुठे दाखवायचा? तुम्ही बाई म्हणून नाही, वयामुळे नाही, धर्मामुळे नाही."

"मी आतली म्हणून डावललं, हा भेदभाव नाही?"

"अन्याय आहे, उघड उघड आहे. पण आतलं असणं कायद्याच्या यादीत नाही. तक्रार केलीत, तर फार तर पुन्हा परीक्षा घेतील."

"आणि पेपर कोण काढणार?"

त्याला हसू आवरेना, तिला रडू. शेवटी तो म्हणाला, "खरं सांगू? तुम्हीच कुठेतरी बाहेरच्या व्हा."

तिने ते मनावर घेतलं. महिन्याभराने दुसऱ्या एका रुग्णालयात त्याच पदासाठी ती परीक्षेला बसली. तिसरा प्रश्न वाचून ती थबकली. एकाच नावाच्या दोन रुग्णांच्या फायली एकमेकींत मिसळल्या, तर पहिला फोन कुणाला कराल? हे कुणाला पुस्तक वाचून सुचत नाही. एकदा तरी अंगाशी आलेलं असावं लागतं.

"पेपर कुणी काढला हो?" तिने देखरेखीला बसलेल्या कारकुनाला हळूच विचारलं.

"आमच्याच एक बाई आहेत, वीस वर्षं झाली त्यांना. त्यांनीही अर्ज केला होता. पण पेपर त्यांचाच ना, म्हणून बसू दिलं नाही."

पेपर टाकून उठावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण उठून जायचं कुठे? उद्या सकाळी त्या नव्या प्रमुखबाईंना काम शिकवायला?

तिने पेन उचललं आणि लिहिलं, 'वॉर्डातल्या नर्सला. आधी दोघांचीही औषधं थांबवायला सांगेन.'