दोऱ्यानं बांधलेला दात

"तोंड उघडा जरा मोठं. अन् हालू नोका."

खुर्शीदबीनं दोऱ्याला मेण लावलं आणि नवऱ्याचा वरचा हलता दात शेजारच्या दाताला बांधायला घेतला. कॉर्नेट म्हणजे बँडातली आखूड पितळी तुतारी; ती ओठांवर दाबून धरायची तर आतून दातांचाच आधार लागतो. दात गेला की सूर गेला. म्हणून उन्हाळाभर इनायतुल्लानं बँडात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"अकोटची वरात झाली का सांगून टाका आता," ती म्हणाली.

"काय सांगू? घरी बसतो म्हणून?"

गाठ मारून झाल्यावर तिनं चिंच भिजत घातली. वरातीहून आलेलं कॉर्नेट चिंचेनं घासायचं, हा तिचा लग्नापासूनचा नेम.

अमरावतीचा हा बँड अब्दुल रहीमनं बावन्न साली उभा केला. पुढे नवे बँड आले, सिनेमातली गोड गाणी वाजवू लागले. हे आपले दणदणाटच करत राहिले. वकिलांच्या गल्लीत शिरले की खिडक्या लागायच्या. लाल कोट विटले, दोघं वारले, एक जण चिखलदऱ्याला कॉफीच्या मळ्यात कामाला गेला, तरी बँड चालूच. रहीमचा कायदा एकच. नवरदेव मांडवाशी पोचेपर्यंत हात थांबवायचा नाही.

एसटीच्या टपावर ढोल बांधून मंडळी निघाली. ताशावाल्या जानरावाला गप्प बसवत नव्हतं.

"इनायतभाई, भाभीनं तोंड शिवलं का काय आज?"

इनायतुल्ला ओठ मिटूनच हसला.

वरात कापसाच्या जिनिंग कारखान्यापाशी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गाण्याच्या मधोमध सगळे थांबायचे आणि एकटं कॉर्नेट उंच चढायचं, ही या बँडाची रीत. पहिल्यांदा ते चढलं. दुसऱ्यांदा फुंक मारताच दोरा तुटला. तोंडात रक्ताची चव आली, आणि पितळातून नुसती हवा. पोरं नाचतच होती.

ढोल वाजवणाऱ्या रहीमनं पाहिलं. उजव्या हाताचा ठोका न चुकवता त्यानं डाव्या हातानं ढोलाचा पट्टा उतरवला, जानरावानं ढोल सावरला, आणि चालता चालता पट्टा इनायतुल्लाच्या खांद्यावर आला.

"माहा खांदा भरून आला. घे जरा."

"तुमाले ठाव होतं?"

"उन्हाळाभर सूर गळून राहिला तुहा. मी काय बहिरा हावो?"

मग इनायतुल्लाचं कॉर्नेट काखेत धरून, बँडाचा मालक वरातीतल्या पाहुण्यासारखा नुसताच चालू लागला.

गाण्यात पुन्हा ती जागा आली. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सवयीनं सगळे थांबले. त्या शांततेत इनायतुल्लानं एक ठोका दिला. थांबून आणखी एक. ढोल फार जड होता. मांडव येईपर्यंत त्याचा हात थांबला नाही.

दिवेलागणीला तो घरी आला, तेव्हा खुर्शीदबीला आधी दिसली ती कोटाच्या खांद्यावर पट्ट्यानं पडलेली रुंद चुणी. ती चिंच घेऊन अंगणात बसली, कॉर्नेट घासलं, नेहमीपेक्षा अंमळ जास्तच वेळ, आणि जुन्या ओढणीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं.

चिंच थोडी उरली होती.

"कोट काढा," ती म्हणाली, आणि त्याचं एकेक पितळी बटण घासू लागली.