ओडीलमावशीचं पीठ करपलं तो दिवस

मित्रांनो, मला एका हाताने उचलायला जाऊ नका, मनगट धरेल. मी एक जुनी बिडाची कढई आहे. माझं बूड जाड आहे, कान आखूड आहेत आणि सांगायला बसले की मला थांबता येत नाही.

जन्मले मी ओतशाळेत, पण मला वळण लागलं ते अमेरिकेत, लुइझियानातल्या फॉन्टेनो या काळ्या कुटुंबाच्या खानावळीत. तिथली मालकीण ओडीलमावशी, हिच्या लग्नात तिच्या सासूने दागिना दिला नाही, मला दिलं. वर बजावलं, "सूनबाई, हिला साबण दाखवायचा नाही, आणि पीठ भाजताना हात थांबवायचा नाही."

आमच्याकडच्या गम्बोचा, म्हणजे मासे-मांसाच्या दाट रश्शाचा, सगळा जीव त्या पिठात असतो. तेलात पीठ घालायचं आणि तांबूस, मग विटकरी, मग चॉकलेटी होईपर्यंत हलवत राहायचं. श्वासभर हात थांबला तरी ते करपतं, आणि करपलं की फेकूनच द्यावं लागतं. तीस वर्षांत मावशीचं पीठ एकदाही करपलं नव्हतं. घरात लग्न असो नाहीतर मयत, तिचा हात फिरतच असायचा. याचा तिला ताठा होता आणि, खोटं कशाला बोलू, मलाही होता.

त्या काळी गावातल्या बड्या हॉटेलांत काळ्या माणसाला बसायला मनाई होती. गोऱ्या-काळ्यांनी एका टेबलाशी जेवणं तर गुन्हाच होता. पण मावशीची लेक सेलेस्ट शाळेत शिकवायची आणि सुट्टीत काळ्या लोकांची मतदार म्हणून नावं नोंदवत हिंडायची. तिच्याबरोबरची चार मुलं-मुली काळी होती, दोन गोरी. बैठक भरायची आमच्याच माडीवर.

"माझ्या घरात उपाशीपोटी कुणी शहाणपणा करायचा नाही," मावशी म्हणायची. "आधी जेवा, मग काय जग बदलायचं ते बदला."

एका दुपारी वर पानं वाढून झाली होती. संध्याकाळच्या गम्बोसाठी पीठ नुकतं विटकरी झालं होतं. तेवढ्यात दोन पोलीस थेट स्वयंपाकघरात शिरले.

"ए ओडील, माडीवर कोण आहे?"

"कांद्याची पोती आहेत साहेब."

"बघूच. हा साहेबांना आणायला जातोय. ते येईपर्यंत तू जागची हलायचं नाहीस आणि तोंडातून आवाज काढायचा नाहीस." दुसरा निघून गेला. हा जाडा जिन्याच्या पायरीवरच फतकल मारून बसला.

वर मावशीचं एकुलतं एक पोर होतं. सापडलं तर तुरुंग ठरलेला, आणि तुरुंगात त्या मुलांचे काय हाल होतात ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. खानावळीला कुलूप लागलं असतं ते वेगळंच. मावशीचा हात माझ्यात फिरत होता.

आणि मग तिचा हात थांबला.

मला वाटलं, बाईला भोवळ आली. पण ती माझ्याकडेच बघत उभी होती. पीठ काळं पडलं, तडतडलं, आणि कडू जळका धूर जिन्यावरून वर चढू लागला. माझी लाजेने मान खाली गेली असती, मान असती तर.

जाडा खोकत हसला. "अख्खा गाव तुझ्या हाताचं कौतुक करतो, आणि तू साधं पीठ जाळतेस?"

"वय झालं, साहेब," मावशी खाली मान घालून म्हणाली.

वर सेलेस्टच्या नाकात तो वास गेला. ज्या आईचं पीठ बापाच्या मरणादिवशीही करपलं नाही, तिचं आज करपलं, म्हणजे खाली काहीतरी भयंकर आहे, हे तिने ओळखलं. साहेब येऊन वर गेले तेव्हा तिथे एक पुसलेलं टेबल आणि खरोखरच कांद्याची पोती होती. मागच्या गच्चीवरून पोरं शेजारच्या शिंप्याच्या परसात उतरली होती, ताटांसकट. त्यातला एक गोरा पोरगा तर तिथे पायरीवर बसून उरलेला भात संपवत होता म्हणे.

माझ्या बुडाची खरपुडी काढायला सेलेस्टला तीन दिवस लागले. घासता घासता ती रडत होती. मावशी म्हणाली, "रडतेस काय? पीठ पुन्हा भाजता येतं."

पुढे कायदा बदलला. सगळ्या हॉटेलांची दारं उघडली आणि आमची माणसं हौसेने तिकडे जेवायला गेली. जावंच त्यांनी, त्याचसाठी तर सगळं केलं होतं. पण परत फार थोडी आली. मावशी गेली, खानावळ बंद पडली, आणि मी नऊ वर्षं पडवीत गंजत पडले. म्हातारपणी सेलेस्टनेच मला बाहेर काढलं, मीठ-तेलाने घासलं आणि त्याच जागी पुन्हा चूल पेटवली.

मित्रांनो, आगीने माझं कधी काही बिघडलं नाही. मी गंजले ती कुणी हात लावला नाही म्हणून. सगळी दारं बंद असताना ज्यांनी तुमच्या माणसांना जेवू घातलं, त्यांचं घर शोधा. तिथे जा, आणि पोटभर जेवा.