चिचुंद्रीचा वास

आमच्या गुंड्यानं चिचुंद्री तोंडात धरली आणि घरात कुणाला जेवण जाईना. मी त्या कुत्र्याला बेसन लावलं, शिकेकाई चोळली, दोनदा अंघोळ घातली. वास काय हलंना.

आज सकाळी गुंड्या बाहेरनं फिरून आला, तर घाण वास गायब! वर हळद, लिंबू, ताकाचा घमघमाट. माझं डोकंच फिरलं. न विचारता माझ्या कुत्र्याला अंघोळ घालणारी कोण? शेजारच्या राजमतीचा पहिल्यापासनं त्याच्यावर डोळा हाय. तिच्या दारात जाऊन मी ओरडले, "लळा लावून कुत्रं पळवतीस व्हय गं?"

"शांतव्वा, आधी त्याचं पाय बघ की," ती म्हणाली.

पायाला तांबडी माती. रस्त्यावर उमटलेले ठसे बघत गेले, ते थेट तालमीच्या दारात. आखाड्याच्या मातीत हळद, लिंबू, ताक घालत्यात. कोल्हापुरात जन्म काढून मला एवढं सुचलं न्हाय! सगळे पैलवान नाक दाबून बाहेर उभे. वस्ताद गरजले, "मावशी, आमच्या मातीत लोळलेलं कुत्रं कुणाचं?"

"राजमतीचं," मी म्हटलं.

तेवढ्यात गुंड्या मागनं आला आणि माझ्या पायावर अंग टाकून बसला.