चालवणाऱ्याचं माप

"हा काढ," ईरण्णा म्हणाला आणि रांगेतल्या सगळ्यात मोठ्या पंजाला त्याने चपलेचं टोक लावलं.

शिवराजने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. बिदरजवळ मैलूरच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. लोडरच्या ट्रॅक्टरला पुढे लावायची अवजारं तो बनवायचा. बादल्या, उकिरडा ओढायचे काटे, आणि हे पंजे. खाली लोखंडी दातांची फणी, वर मिटणारा जबडा. झाडाचं खोड असो की वेड्या बाभळीचा काटेरी भारा, एकदा तोंड मिटलं की सुटायचं नाव नाही.

"अण्णा, हा तुमच्या गाडीचा न्हाई की ओ," शिवराज म्हणाला. "गाडी तुमची बारकी. ह्याला उचलण्यातच तिचा अर्धा जीव जाईल. मग खोड कशानं उचलणार? तिकडचा बघा, एका जबड्याचा. हलका हाय."

"त्याचं तोंड बघ. कोंबडीवानी."

"कोंबडी दाणा बरोबर टिपतीय की."

"मला टिपायचं न्हाई. धरायचंय."

चंद्रम्मा ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेकून उभी होती. गावाहून, जनवाड्याहून, ती तिथेच बसून आली होती. नवरा बोलताना डावा खांदा उचलतो आणि पुढचं काहीच उठत नाही, हे तिला अजून बघवत नसे. सदऱ्याची ती बाही तिनेच मुडपून टाके घालून बंद केली होती.

गेल्या तुरीच्या मळणीत यंत्राने हात ओढला. मनगटाच्या वरपासून गेला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा ईरण्णाने पहिल्यांदा अंगणात उभ्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग घरात गेला. त्यानंतर गाडीवर ताडपत्री पडली, ताडपत्रीखाली कोंबड्या बसू लागल्या. शेजारच्या गल्लीतला तिप्पण्णा दर शनिवारी यायचा, कट्ट्यावर बसायचा, चहा प्यायचा आणि उठता उठता म्हणायचा, "ईरण्णा, गाडीला गंज चढायलाय बघ. मला दे. निदान चालती तर राहील." माणूस वाईट नव्हता. पण तो गेला की ईरण्णा अर्ध्या जेवणावरून उठायचा.

रस्त्याने ट्रॅक्टर एका हाताने चालतो. आज तोच चालवत आणला होता त्याने, सावकाश, कडेकडेने. पण लोडरचं काम रस्त्याचं नव्हे. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा हात लोडर उचलायच्या दांडीवर, आणि दोन्ही एकाच वेळी चालले पाहिजेत. वीस पावलांच्या जागेत पुढे-मागे करायच्या त्या कामासाठी लोक ईरण्णाला बोलवायला यायचे. बांधावरचा उकिरडा तो असा उचलायचा की खालची माती खरवडायची नाही.

आता त्याने बाजारातल्या चांभाराकडून चामड्याचा एक पट्टा करून घेतला होता. तुटका हात त्यात घालायचा, पट्ट्याची कडी स्टिअरिंगच्या मुठीला अडकवायची. "हा माझा डावा," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना हसायचा. पंजा घेतला की बांधाबांधावरची वेडी बाभळ काढायचं काम मिळेल, मिटलेला जबडा खोड आपण होऊन धरून ठेवील, असा त्याचा हिशेब होता. वर्कशॉपच्या आवारात पडलेलं बाभळीचं एक खोड उचलून दुसरीकडे ठेवता आलं, तर गाडी घरात राहील. नाही आलं, तर शनिवारी तिप्पण्णाला किल्ली द्यायची. हे त्याने सकाळी पूजेला बसल्यावर सांगितलं होतं. लिंगापुढे बोललेला शब्द तो फिरवणार नाही, हे चंद्रम्माला ठाऊक होतं.

पूजाही डाव्या हातावाचून अडली होती. त्यांच्याकडे, लिंगायतांत, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पुजतात. लहानपणी दीक्षा झाल्यापासून पूजेआधी त्याने पाणी तोंडात घेतलं नव्हतं. हात गेला आणि तळहातच राहिला नाही. चार दिवस त्याने पितळी ताटलीत लिंग ठेवून पाहिलं. पाचव्या दिवशी ताटली बाजूला सारून नुसता बसून राहिला, दुपार होईतो, कोरड्या तोंडाने. चंद्रम्मा मठात गेली. तिथले स्वामी, अय्या, म्हणाले, "तळहात कुणाचा का असंना, नजर त्याची पाह्यजे." तेव्हापासून ती रोज आपली पूजा आटपून त्याच्यासमोर बसायची आणि डावा तळहात पुढे करायची. तो एका हाताने भस्म लावायचा, पत्री वाहायचा, मग बघत राहायचा. तिचा हात भरून यायचा. ती दात आवळून तो स्थिर ठेवायची.

"हाच लाव," ईरण्णा पुन्हा म्हणाला. "लावून तर बघ."

"मागं वजन तरी अडकवू द्या, न्हाईतर गाडी पुढं झुकतीय. नांगर हाय माझ्याकडं."

"एका खोडाला नांगर कामून? मी काय आजच गाडी चालवायलोय?"

शिवराजने चंद्रम्माकडे पाहिलं. "अक्का, तुम्ही सांगा की."

"ते माझं ऐकायलेत कवा," ती हळूच म्हणाली. पण लगेच पुढे होऊन नवऱ्याला म्हणाली, "ओ, शिवराज म्हणतोय तर बारका बघा की एकदा. बघायला काय जातंय?"

"तू गप."

बादली काढून मोठा पंजा बसवायला, तेलाचे पाईप जोडायला बराच वेळ गेला. पंजा लागला तशी ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीत रुतल्यासारखी चपटी दिसू लागली. ईरण्णा चढला. पट्टा हातावर ओढला, कडी अडकवली, दाताने बंद घट्ट केला. जबडा उघडायची-मिटायची दांडी शिवराजने तात्पुरती उजवीकडे बांधून दिली होती.

त्याने गाडी पुढे घेतली. खोडाच्या मध्यावर जायला हवं होतं, ती शेंड्याकडे गेली. मागे घेतली. पुन्हा पुढे. या खेपेला बुडख्याकडे गेली. स्टिअरिंग फिरवताना पट्ट्यातला हात कोपरातून वर उचलावा लागत होता, आणि खांदा तेवढा फिरत नव्हता. शिवराज कंबरेवर हात ठेवून उभा होता. मग त्याने हात काढले आणि मान दुसरीकडे वळवली.

आणि तेव्हा चंद्रम्माला उमगलं. मोठं तोंड हवं ते ताकदीसाठी नव्हे. ते इतकं रुंद उघडतं की गाडी वाकडी गेली तरी काही ना काही दातात सापडतंच. लहान पंजाला नेमकं, सरळ जावं लागतं. हा हट्ट नव्हताच. नवऱ्याला घरून निघतानाच माहीत होतं, आपण सरळ जाणार नाही.

तिसऱ्या खेपेला जबड्याने खोड धरलं, एका टोकाला. ईरण्णाने दांडी ओढली. खोड उठलं, तिरकं, लांब टोक हवेत लोंबत. तेवढ्यात पुढचं चाक एका खळग्यात बसलं. स्टिअरिंगने झटका मारला आणि पट्ट्यातला हात पिळवटून आत वळला. तो सोडवायला ईरण्णाने उजवा हात दांडीवरून काढला. खोड वरच राहिलं. ओझ्याने ट्रॅक्टर पुढे झुकला, आणि मागचं चाक जमीन सोडून वर आलं. चाक आणि जमीन यांच्यामधून पलीकडचा रस्ता दिसू लागला.

"साकु!" चंद्रम्मा ओरडली. भीतीत तिच्या तोंडी कानडीच आली. "साकु ओ! बास!"

शिवराज पायरीवर उडी मारून चढला, त्याने दांडी खाली दाबली. खोड धाडकन पडलं. मागचं चाक आपटलं आणि सगळा ट्रॅक्टर दोनदा हलला. मग इंजिन बंद झालं.

पट्टा सोडवायला शिवराजला वेळ लागला. आत जुन्या टाक्यांपाशी कातडी फाटली होती. ईरण्णाने हाताकडे पाहिलंच नाही.

"जबडा वाकला का बघ," तो म्हणाला.

"जबड्याला काय होतंय. तुम्ही उतरा आधी."

चंद्रम्माने तांब्यातलं पाणी घातलं, पदर फाडून चिंधी बांधली. तो लहान मुलासारखा हात पुढे करून बसला. शिवराज दोन कप चहा घेऊन आला. रस्त्याने बिदरकडे जाणारी एक जीप हॉर्न वाजवत गेली.

"अण्णा," शिवराज शेवटी म्हणाला, "नांगर अडकवतो. बारका लावून बघायचा का एकदा?"

"बारक्याला सरळ जावं लागतंय," ईरण्णा म्हणाला.

त्याने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. चंद्रम्मा खाली मान घालून चिंधीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत राहिली. तिला शनिवार दिसत होता. कट्टा, चहा, तिप्पण्णाचा पुढे आलेला हात. त्यानंतरचं ती आत्ता बघू शकत नव्हती. रिकाम्या अंगणाकडे तोंड करून बसलेला हा माणूस.

ईरण्णाने चहा संपवला. कप नीट खाली ठेवला.

"बारका लाव," तो म्हणाला. "नांगर बी अडकव."

"आणि दांडी? ती वाकवून बसवावी लागतीय, चालवणाऱ्याच्या हाताच्या मापानं. तुमचं माप घेऊ का..." शिवराज थांबला. "ड्रायव्हर कोण ठेवणार तुम्ही?"

"हिचं माप घे."

चंद्रम्माने वर पाहिलं. "काय बोलायलात ओ? मी काय कधी बादली हलवलीय का?"

"कडब्याच्या पेंढ्या भरताना गाडी कोण पुढं न्यायचं? माणसं दोन्हीकडनं भरायची आन् तू मधनं सरळ नेत होतीस. एक पेंढी चाकाखाली गेली न्हाई."

"ते वावरात. पहिला गेर तुम्ही टाकून द्यायचे, मी नुसतं स्टिअरिंग धरायची."

"हे काम बी पहिल्या गेरमधलंच हाय. सरळ जाणं येतंय तुला. बाकीचं मी सांगतो. लिंगापुढं खोड उचलायचं बोललो, कुणी उचलायचं ते न्हाई."

"लोक हसतील."

"हसतील की," तो म्हणाला. "मला बी हसतील."

तिने पदर कमरेला खोचला. लहान पंजा बसेपर्यंत ती आवाराच्या कडेला उभी राहून मनात देवाचं नाव घेत होती. आनंद म्हणावा असं तिला काही वाटत नव्हतं. घरातली एखादी वस्तू मालक जिवंत असताना दुसऱ्याच्या नावाने करावी, तसं काहीतरी आतून टोचत होतं.

"या अक्का," शिवराजने हाक मारली.

ती चढली आणि सीटवर बसली. तिने उजवा हात पुढे केला, शिवराजने खडूने पाईपवर खूण केली. मग तिने पाय क्लचवर न्यायला पाहिलं. पाय अधांतरी राहिला. ती पुढे सरकून सीटच्या कडेवर आली, तरी नुसता अंगठाच टेकत होता.

"सीट पुढं घ्यावी लागतीय," म्हणत शिवराज वळला.

"थांब. मी घेतो," ईरण्णा म्हणाला.

तो सीटच्या मागे गेला आणि वाकला. गाडी घेतली तेव्हा त्याच्या पायांच्या मापाने ती सीट बसवली होती. त्यानंतर तिला कुणी हलवलं नव्हतं. खालची खिटी गंजून घट्ट झाली होती. एका हाताने ती ओढून धरायची आणि दुसऱ्या हाताने सीट ढकलायची, असं ते काम. ईरण्णाने उजव्या हाताने खिटी ओढली. सीट जागची हलली नाही. मग त्याने डावा खांदा सीटच्या पाठीला लावला. चंद्रम्मा अर्धवट उठू लागली तसा म्हणाला, "बस तू." आणि तिच्या वजनासकट त्याने रेटा दिला. त्याच्या गळ्यातल्या शिरा टरारल्या. लोखंड कर्रकन ओरडलं आणि सीट एक खाच पुढे गेली. मग आणखी एक.

"पोचतोय का पाय?"

तिने क्लच शेवटपर्यंत दाबून पाहिला.

"पोचतोय," ती म्हणाली.

तो सरळ झाला. खांद्यावरचा गंज त्याने झटकला नाही. ट्रॅक्टरला वळसा घालून तो पुढे गेला आणि खोडापाशी उभा राहिला. चालवणाऱ्याला हाताने खुणा करणारा माणूस जिथे उभा राहतो, तिथे.