मास्तरीण

"मी आब्वेला त्राबाहाबा दे माएस्त्रा," रेणुकाने फोनसमोर घडाघडा म्हणून टाकलं, आणि पडद्यावरची, स्पॅनिश शिकवणारी पुण्याची ऋतिका मॅडम खूश झाली.

"अरे वा, तुझी आजी शिक्षिका होती? आणि आता वेळ कशात घालवते?"

रेणुकाने आणखी एक वाक्य फेकलं.

"वाचनात! किती छान."

कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या तिच्या आजीचा, जाईबाईचा हात थांबला. या स्पॅनिशचा तिला आधीच वीट आला होता. आठवडाभर घरात एकच जप चालला होता, कोण काय काम करतं आणि कोण वेळ कसा घालवतं. असल्या चांभारचौकशा करायला वाडीतल्या बायका काय कमी पडल्या होत्या? पण तिने चालवून घेतलं होतं, कारण रेणुकाच्या नोकरीचा प्रश्न होता. मिरजोळ्याच्या मासळी कारखान्यात, वरच्या ऑफिसात, स्पेनच्या गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी. सोमवारी मुलाखत.

त्याच कारखान्याच्या खालच्या शेडमध्ये कोळंबी सोलण्यात जाईबाईचा जन्म गेला होता. बर्फाच्या पाण्याने नखं कुजली. नवरा गेल्यावर त्याच नखांनी तिने मुलाला, राकेशला वाढवलं, आणि राकेशची ही लेक कॉलेजात गेली.

"मास्तरीण?" ती फोनपाशी आली. "दुसरीतनं शाळा सुटली माझी. कोणाला शिकवलं गो मी? कोळंबीला?"

रेणुकाने फोनवर तळवा धरला. "आजी, सराव आहे नुसता. मुलाखतीत घरच्यांचं विचारतात. वर ऑफिसात बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत नाय? तुझे ते स्पेनवाले कोळंबी सालीसकट गिळतात काय?"

"तुला नाही कळणार."

"सगळा कळता मना. वास येतोय तुला माझा."

साहेब लोक नाकाला रुमाल लावून शेडमधून जात, तेव्हा जाईबाई त्यांच्या पाठीमागे थुंकायची आणि पुढची कोळंबी उचलायची. त्या रुमालांचं तिला कधीच काही वाटलं नाही. आज तोच रुमाल स्वतःच्या घरात निघाला होता, तोही तिने पोसलेल्या नाकावर.

"हात काढ," ती म्हणाली. "आणि खरं काय ते सांग तिला. तिच्याच भाषेत."

रेणुकाने हात काढला. मान खाली घालून, अडखळत, मॅडमला एक-दोन शब्द विचारत तिने वाक्य जुळवलं.

"काय बोलली ही?" जाईबाईने पडद्याला विचारलं.

"माझी आजी कारखान्यात कोळंबी सोलायची, असं म्हणाली," मॅडम चाचरत म्हणाली.

"हां. आता कसं."

मॅडमला हायसं वाटलं असावं. "मग आजी, आता वेळ कशात घालवता तुम्ही?"

जाईबाईने तोंड उघडलं. कारखाना सुटल्यापासून, सकाळी घरातले सगळे आपापल्या वाटेने गेले की ती पायरीवर जाऊन बसायची. कारखान्याची गाडी नाक्यावर यायची, दुसऱ्या बायका चढायच्या, एखादी हात करायची. गाडी वळणाआड गेली की ती आत यायची. मग संध्याकाळ व्हायची.

रेणुका तिच्याकडे बघत होती. आजी दिवसभर काय करते, हे तिनेही कधी विचारलं नव्हतं.

जाईबाईने हात लांब केला आणि लाल बटण दाबलं.

"नेट गेलं म्हणून कळव तिला," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.